शेवटचं प्रकरण

पत्रा वळवणाऱ्या मशीनने दिगंबरचा हात कोपरापर्यंत आत ओढला होता आणि तो गुरासारखा ओरडत होता.

"थांब," वसुधा किंचाळली.

"थांबायचं कसं, ते माहितीपुस्तकात नाही," मशीन म्हणालं.

आता मशीनं त्यांना चालवणाऱ्या डिझाइन-सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक स्वतः वाचूनच चालत. ते या दोघांनीच लिहिलं होतं, सगळ्या जगासाठी, फुकट. 'थांबवणे' हे प्रकरण वसुधानेच यादीत शेवटी ढकललं होतं. त्यात काय लिहायचं, ते तर कुणालाही कळतं.

रक्ताने निसरड्या झालेल्या कीबोर्डवर तिने चार ओळी बडवल्या.

"वाचलं," मशीन म्हणालं. "नियमानुसार दुसऱ्या लेखकाने तपासल्याशिवाय मजकूर लागू होत नाही. दिगंबर यांची मंजुरी बाकी आहे."

रोलर फिरतच राहिले. थांबलं ते फक्त दिगंबरचं ओरडणं.