बशीतलं भांडण

"भांडल्या का वं त्या?" कलाबाईंनी स्वयंपाकघरातूनच सुनेला विचारलं.

"फोन नाही आला अजून, आई."

सुचिताच्या खांद्यावर केतन होता. दीड वर्षाचं लेकरू, पण अंगावर मूठभर मांस नाही. सर्दी झाली की छातीत उतरायची आणि छातीत उतरली की पांढुर्ण्याहून नागपूर गाठावं लागायचं. तो झोपला तरी सुचिता त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, याच्या रक्तातले शिपाई मुळात जागे आहेत का, तेच बघू. केतनच्या पांढऱ्या पेशी आणि रक्ताचं नातं नसलेल्या कुणाच्या तरी पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत एकत्र ठेवायच्या. अंगाइतकी ऊब द्यायची. परक्या पेशींना आधीच किरण देऊन निपचित केलेलं असतं. त्यांनी उलटून वार करायचा नाही, नुसतं समोर बसायचं. केतनच्या पेशी धडधाकट असतील तर परक्याला ओळखतील, चवताळतील, एकीच्या दोन होतील. गप्प बसल्या तर जन्मापासूनच काहीतरी उणं आहे. मग पुढचं सगळंच अवघड.

"जलमभर या घरातले भांडणं मिटवत आली मी," कलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अन् आता देवाले म्हणून राहिली, भांडण लाव रे बाप्पा!"

सुचिताला हसू आलं नाही. तिच्याही मनात तेच चाललं होतं. भांडा रे. दयामाया नका दाखवू. आपलं म्हणू नका.

फोन वाजला. तिच्या नवऱ्यानं, रोशननं, घाईघाईनं स्पीकर लावला.

"सुचिताताई, मस्त भांडला हो तुमचा मुलगा!" डॉक्टरबाईंचा आवाज आला. "बशीभर पेशींचे घोळके झालेत. परक्याला नेमकं ओळखलं त्यांनी. मोठी भीती गेली. आता छातीचं कारण दुसरीकडे शोधू."

सुचितानं केतनच्या टाळूवर ओठ टेकवले. रोशन भिंतीकडे तोंड करून उगाच कॅलेंडर सरळ करू लागला.

"आज्यावरच गेला पोट्टा!" कलाबाईंनी ओसरीवरच्या रघुनाथरावांकडे बोट केलं. "संत्र्याच्या सौद्यात हे बी असेच भांडते."

रघुनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला. बक्षीस मिळाल्यासारखा.

"पण ज्यानं रक्त देल्लं, तो परका मानूस कोन व?" कलाबाईंना एकदम आठवलं. "बिचाऱ्याचं भलं होवो. रोशन, त्याले संत्र्याची एक पेटी पाठव. चांगली निवडून."

रोशननं सुचिताकडे पाहिलं.

सुचितानं केतनला छातीशी घेतलं. तो झोपेतच तिच्या मानेत तोंड खुपसून पुन्हा निजला.

"पेटी घरीच फोडा, आई," ती म्हणाली. "ते रक्त माझंच होतं. शिशुगृहातून दत्तक आणल्यापासून मी याच्यासाठी परकी झाली ती तेवढीच, त्या बशीत."