शब्बाथचा खिसा

न्यूयॉर्कमधल्या माझ्या यिद्दिश पेपरात वीस वर्षं मी आमच्या ज्यू धर्मगुरूंची, रब्बींची टर उडवली; देव गावीच सोडला होता. पण त्या शनिवारी, शब्बाथला, म्हणजे कामाला हात न लावण्याच्या पवित्र दिवशी, सिनेगॉगमध्ये घुसून मी धर्मग्रंथाचं वाचन थांबवलं. अन्याय झाला की थांबवायचं, ही आमची जुनी रीत. “हा फायवल इथे पुढच्या बाकावर प्रार्थनेत डोलतोय, आणि याच्या कारखान्यात आत्ता आपल्या पोरी कुलपाआड शिवतायत!” “याच्या पेपरासारखंच खोटं!” फायवल गरजला. “शब्बाथला कारखाना बंद असतो.” “मग खिसे उलटे कर. आज खिशात सुईसुद्धा बाळगायची नसते ना?” तो हलेना. वरच्या बायकांच्या सज्जातून त्यातल्या एका पोरीची आई ओरडली, “कर की रे मेल्या!” मी त्याचा कोट गदागदा हलवला. कारखान्याची किल्ली खणकन पडली. आज तिला हात लावणार कोण? मी ती उचलली आणि दाराकडे निघालो. “पाखंडी आहे मी. मला चालतं.”