नावाखालची जागा

इंग्लंडमधल्या त्या काउंटी हॉलच्या लाकडी फळ्यावर पेंटर सोनेरी अक्षरांत नव्या खासदाराचं नाव लिहीत होता: ऋजुता हिंदळेकर. वर काउंटीच्या तीनशे वर्षांच्या खासदारांची यादी होती. त्यातली अकरा नावं एकाच जमीनदार घराण्याची, बापामागून मुलगा, काकामागून पुतण्या.

नलिनीताईंना ती सगळी पाठ होती. निवृत्त होईपर्यंत पंचवीस वर्षं त्यांनीच हा हॉल झाडला, फळा पुसला.

पेंटरने ब्रश खाली ठेवला, तशा त्या पर्समधला रुमाल काढून पुढे झाल्या.

"आई, रंग ओला आहे अजून," ऋजुताने त्यांचा हात धरला.

"तुझ्या नावाला कोण हात लावतंय? खालची जागा पुसतेय."

"तिथे तर काहीच नाही."

"तुझं नाव आलं तिथेही काही नव्हतं. तरी मी रोज पुसायचे."