मधली खूण

खडकात ठोकलेली कडी रिकामी होती. आत्ताच तिच्यातून चढाईचा रोप सरसरत खाली निघून गेला होता, आणि रोपाच्या आधी त्यावरून उतरणारा सुशांतदादा.

जान्हवी कड्याच्या काठावर पोटावर पडून खाली बघू लागली. तिच्या कमरेचा हार्नेस खडकातल्या बोल्टला अडकवलेला होता, तेवढाच काय तो आधार. खाली कारवीचं रान माजलेलं. त्यातून आधी काहीच आवाज आला नाही, मग कण्हणं ऐकू आलं.

"दादा?" शेजारून केयूरने हाक मारली.

"पाय गेला रे." खालून आलेला आवाज दादाचा वाटतच नव्हता. "हलता येत नाही."

मुलुंडच्या मागच्या डोंगरातला हा कडा तसा काही फार उंच नव्हता. थंडी नुकती पडलेली, गिर्यारोहण क्लबची मोसमातली पहिलीच चढाई, तीही तिघांचीच. सकाळी चढताना जान्हवीचा तोरा बघण्यासारखा होता. का नसणार? अकरावीतली मुलगी, आणि क्लबचा नवाकोरा रोप तिच्या ताब्यात! त्यांना चढाई शिकवणाऱ्या दादाने तो सोपवताना बजावलं होतं, "रोपावर पाय पडला तर सगळ्यांना वडापाव तुझ्याकडून." चारकोपच्या घरात तिने मांजरालासुद्धा त्याच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं.

आता तो रोप खाली दादाच्या अंगावर पडला होता आणि ही वर. उतरायला मागची पायवाट होती, पण ती डोंगराला वळसा घालून जायची. केयूर फोनवर मदत मागत होता. रेंज येत होती, जात होती. खाली दादा कण्हत होता आणि जान्हवीच्या हातात करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

"पाणी दे ना," केयूर म्हणाला.

तिने सॅक उघडली. आईनेच पहाटे उठून ती भरली होती, रोपापासून पाण्यापर्यंत सगळं. घावण्यांचा डबा आणि नेहमीची अंगाऱ्याची पुडीही होती. एरवी जान्हवी त्या पुडीवरून आईला चिडवायची. आज तिने ती मुठीत धरली.

केयूर पाणी प्यायला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू रोपाचा मध्य नीट काढलेलास ना?"

"तूच होतास की माझ्याबरोबर गच्चीवर."

"मी टोकं धरलेली. खूण तू बांधलीस."

उतरताना रोप बरोबर मधोमध कडीत ओवायचा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी खाली पोचतात. मध्य चुकला तर एक बाजू आखूड पडते, आणि उतरणारा त्या टोकावरून निसटून खाली जातो. चिकटपट्टी उन्हाने सुटते, म्हणून त्यांच्या क्लबात मध्यावर शिवणाचा लाल दोरा गच्च गुंडाळायची पद्धत होती. परवा जान्हवीने आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला होता. गच्चीवर दोन्ही टोकं केयूरच्या हातात दिली, रोप दुहेरी करत नेला आणि जिथे वळला तिथे दोरा गुंडाळला. वाळलेले कपडे काढायला आलेली आई बाजूला उभी राहून बघत होती.

"ह्या कशाक गो?"

"हा असला की माणूस सुखरूप खाली येतो," जान्हवीने सांगून टाकलं होतं. कडी, मध्य, टोकं हे सगळं समजावत कोण बसणार?

आज रोप ओवलाही तिनेच. एक टोक कडीत घालून ओढत राहिली, लाल खूण कडीशी आली तशी थांबली. "मध्य आला, दादा." कारवीमुळे खाली टोकं दिसत नव्हती. टोकांना गाठी मारायचा नियम होता, पण दादा हसला. "तू मोजलायस ना? मग झालं."

ते हसणं तिला आता सहन होईना.

गच्चीवर केयूरचा फोन वाजला होता, हे तिला आठवलं. तेव्हा एखादं टोक सरकलं असेल का त्याच्या हातातून? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा फोन लावत होता.

मदत आली. दोघं मागच्या वाटेने खाली पोचली तेव्हा दादाला स्ट्रेचरवर बांधत होते. कुणीतरी रोप गोळा करून तिच्या सॅकमध्ये कोंबला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की पाय वाचेल, पण डोंगर आता विसरा. दादाची आई बाकावर बसून होती.

रिक्षातून घरी येताना क्लबच्या ग्रुपवर केयूरचा मेसेज आला. 'मध्य जान्हवीने काढला होता. मी फक्त टोकं धरली होती.' त्याखाली एकाने लिहिलं, 'रोप उद्या परत आणून दे.'

आईने दार उघडलं आणि तिला जवळ घेतलं. हात, कोपरे, गुडघे चाचपून बघितले.

"तुला कुठे खरचटलंसुद्धा नाही गो."

"मला नाही, दादाला लागलंय. माझ्यामुळे." जान्हवी सॅकवरच बसकण मारून रडू लागली. "मी नीट मोजलं होतं, आई. शप्पथ. तो लाल दोरा..."

"त्यानेच राखलं बघ तुला." आईने तिचे डोळे पदराने पुसले. "तूच म्हणालीस ना, तो असला की माणूस सुखरूप खाली येतो? म्हटलं, एकावर कशाला विसंबा. पहाटे सॅक भरताना देवीच्या पायाशी ठेवलेला आणखी एक लाल दोरा बांधला मी रोपाला, हुबेहूब तुझ्यासारखाच गुंडाळून."