कुलूप लावलेलं खातं

“सगळी खाती लिहा हां. इन्स्टाग्राम, फेसबुक, जे असेल ते. लपवलेलं सापडलं की अर्ज बाद!” कारकूनबाईंनी दोघींच्या हातात कागद दिले आणि त्या आत गेल्या.

संघरत्नाने एकच नाव लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. निर्मलाने ते तिरक्या नजरेने पाहिलं. एकच? आणि दुसरं कुठे गेलं गो बाई?

शहापुरातल्या त्या खाजगी शाळेत बालवर्गाला बाई हवी होती. जागा एक, आणि गाळून गाळून उरल्या होत्या ह्या दोघी. दोघी शेणवे गावच्या. बालवाडीचा कोर्स एकत्र केलेल्या, एका डब्यात जेवलेल्या. पण संघरत्नाचे वडील नोकरीवाले, घर स्लॅबचं. निर्मला गावाबाहेरच्या वाडीतली. तिचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. कोर्स होता म्हणून यंदा ती मागे राहिली. संध्याकाळी वाडीतल्या पोरांना जमवून शिकवायची; संघरत्नाही मोबाइल घेऊन तिथे येऊन बसायची. नोकरी नाही लागली तर पुढच्या दिवाळीनंतर तिनेही विटा थापायच्या, हे ठरलेलंच होतं.

खोटं कशाला बोला, निर्मला जळायची. संघरत्नाच्या इन्स्टाग्रामला चार हजार माणसं. निर्मलाच्या खात्याला एकतीस, त्यातले निम्मे तिचे चुलत-मावस भाऊ. एकदा संघरत्नाने दोघींचा फोटो टाकला, तर खाली कुणीतरी विचारलं, ‘बाजूची कामवाली का?’ त्या दिवशी निर्मला जी भडकली! “पुन्हा माझा फोटो नेटवर टाकलास तर तुझं तोंड बघणार नाय. घे शप्पथ.” संघरत्नाने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

आणि मागच्या महिन्यात निर्मलाने तिच्या मोबाइलवर ते दुसरं खातं पाहिलं. कुलूप लावलेलं. नाव वाचायच्या आत संघरत्नाने मोबाइल उलटा केला. “काय नाय गो, असंच.” असंच म्हणे! कुणीतरी पोरगा असणार. इतकं सगळं असून हिला आणखी एक सुख, आणि तेही चोरून? निर्मलाच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं.

आधी निर्मलालाच आत बोलावलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिचं खातं उघडलं. एक कोंबडा, एक लग्नाचा मांडव, एक दहावीचा निकाल.

“एवढंच?” मोठ्या बाई म्हणाल्या.

एवढंच. निर्मलाचे कान तापले. आता ती चार हजारवाली येणार, गोड हसणार आणि जागा घेऊन जाणार. तिच्या नशिबात नेहमी सगळं. आपल्या नशिबात विटा.

“बाई, एक सांगू का?” ती म्हणाली. “संघरत्नाचं अजून एक खातं हाय. कुलूप लावलेलं. तिने लिहिलं नाय.”

बोलून झाल्यावर तिला आधी गार वाटलं. हो, वाटलं.

मग संघरत्ना आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती निर्मलाकडे न बघता तरातरा फाटकाकडे गेली. बरी जिरली, निर्मला मनात म्हणाली. पण ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

कारकूनबाईंनी पुन्हा हाक मारली. आत मोठ्या बाईंसमोरच्या स्क्रीनवर एक व्हिडिओ चालला होता. वाडीतल्या समाजमंदिराचा ओटा. त्यावर दहाबारा पोरं आणि मधोमध एक बाई चिंचोके मांडून बेरीज शिकवते आहे. केस सुटलेले, तोंडभर हसू. निर्मलाला ती बाई ओळखायला क्षणभर वेळ लागला. ती बाई म्हणजे ती स्वतःच होती.

“संघरत्नाने ते खातं उघडून दाखवलं. एकशेदहा व्हिडिओ आहेत,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सगळे तुमचेच. आणि बघणाऱ्या फक्त एकोणीस जणी. भट्टीवर गेलेल्या आया म्हणे. मुलं काय शिकली ते त्यांना रोज दिसावं म्हणून तिने हे चालवलं. आम्हाला अगदी अशीच बाई हवी होती. सोमवारपासून या.”

“आणि ती?” निर्मलाने विचारलं.

“नियम म्हणजे नियम. तिने लपवलं. म्हणते, मैत्रिणीला शब्द दिला होता.” मोठ्या बाई हसल्या. “तुम्ही सांगितलंत म्हणून बरं, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.”

फाटकाबाहेर सरबताच्या गाडीपाशी संघरत्ना उभी होती. तोंड धुतलेलं, हातात दोन ग्लास.

“लागली ना? मला वाटलंच!” एक ग्लास तिने निर्मलाच्या हातात कोंबला. “मघाशी तुझ्याकडे बघवलं नाय मला. शप्पथ मोडली ना गो मी. काय करू? तुमच्या वाडीतल्या हिराबाईचा भट्टीवरनं फोन यायचा, पोराचं तोंड दिसत नाय म्हणून रडायची. मग टाकायला लागले. रागवू नको.”

निर्मलाने ग्लास तोंडाला लावला.

संघरत्नाने नाक ओढलं. मग तिला एकदम राग आला.

“पण ह्यांना सांगितलं कुणी? कुणाचं काय वाईट केलं होतं मी? चुगली करणारी मेली सापडू दे मला, सोडायची नाय तिला.” ती निर्मलाच्या जवळ सरकली. “तुला कोण वाटतं गो?”