टोपीखालची आई

सुजयचा ठोसा दाभाडेच्या कानशिलावर बसला. दाभाडे हललासुद्धा नाही. रिंगच्या दोराजवळ बाकावर तारांची टोपी घालून बसलेली त्याची आई मात्र कोलमडली. खेळाडूच्या मेंदूला बसणारा धक्का घरच्या माणसाने टोपीतून झेलायचा, अशी सोय झाल्यापासून बॉक्सर चाळिशीपर्यंत टिकत.

शेजारीच तशीच टोपी घातलेली सुजयची आई होती. तिने त्या बाईला कुशीत सावरलं, पदराने तिच्या नाकातलं रक्त पुसलं. ते पाहून सुजयचे हात खाली आले.

तेवढ्यात दाभाडेने त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. सुजयला काहीच झालं नाही. आईच्या मानेला हिसका बसला.

"थांबलास कशाला?" तोंडातलं रक्त थुंकून ती म्हणाली. त्या बाईला तिने सोडलं नव्हतं. "हिच्यात आता दम राहिला नाही. मार."