अर्धी भट्टी

भट्टी अर्धी भरा नाहीतर गच्च, सरपण तेवढंच खाते. कुंभारणीची भांडी जेमतेम अर्ध्या भट्टीपुरती होती आणि लाकडंही तुटपुंजी. नवरा काकुळतीला आला. "अगं, शेजारणीची भांडीही यातच लाव. दोघींची लाकडं मिळून भागेल." ती फणकारली, "माझी गिऱ्हाइकं पळवणारीची पायरी चढू? मेले तरी नाही!"

लाकडं मधेच संपली, भट्टी निवली, भांडी कच्चीच राहिली. सकाळी माल न्यायला माणूस येणार होता. तोही हातचा गेला तर चाकच विकावं लागणार होतं. शेवटी नाक मुठीत धरून ती शेजारणीकडे निघाली.

 

शेजारीण कुंपणापाशीच भेटली, हात काजळीने माखलेले. कुंभारणीने तोंड उघडायच्या आत शेजारीणच म्हणाली, "ताई, चार लाकडं द्याल? माझी अर्धी भट्टी मधेच विझली."